गुरुवारी बंद पडणारा मेल: एका एक्सचेंज सर्व्हरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवणारी. कचेरी शिवाजीनगरला, कारखाना भोसरी एमआयडीसीत. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास मेलबॉक्स. कंपनीची आणि माणसांची ओळख इथे काढून टाकली आहे, तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. आम्ही बाहेरून सपोर्ट देणारे. कंपनीत एक आयटी प्रमुख मॅडम आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा, एवढाच विभाग.

मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं एक्सचेंज २०१६, एकच सर्व्हर, शिवाजीनगरच्या सर्व्हर रूममध्ये. त्याच रॅकमध्ये एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीच्या डोमेनमधले वापरकर्ते, संगणक आणि त्यांचे अधिकार यांची नोंद सांभाळणारा सर्व्हर. दुसरा डोमेन कंट्रोलर भोसरीला, जुन्या मशीनवर, विंडोज सर्व्हर २०१२. दोन्ही ग्लोबल कॅटलॉग, म्हणजे सगळ्या डिरेक्टरीची शोधयादी ठेवणारे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ही नोंद जिथे असते ती प्रणाली) शिवाजीनगर आणि भोसरी अशा दोन वेगळ्या साइट केलेल्या, मध्ये लीज्ड लाईन, म्हणजे भाड्याने घेतलेली खास जोडणी.

एक्सचेंजला स्वतःची अशी वापरकर्त्यांची यादी नसते. कुणाचा मेलबॉक्स कुठे आहे, कुणाचा पत्ता काय, कुणाला कसला अधिकार, हे सगळं तो डिरेक्टरीला विचारतो. त्यासाठी ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी टोपॉलॉजी’ नावाची त्याची एक सर्व्हिस दर पंधरा मिनिटांनी आजूबाजूचे डोमेन कंट्रोलर तपासते आणि त्यातले वापरण्याजोगे कोणते ते ठरवते. आधी आपल्या साइटमधले बघते, तिथे योग्य कुणी सापडला नाही तर बाहेरच्या साइटमधला घेते. या प्रकरणाचं मूळ या शेवटच्या सोयीत होतं. सोय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे बिघाड तीन आठवडे झाकून राहिला.

काय बिघडलं

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास शिवाजीनगरला सगळ्यांचं आउटलुक ‘डिस्कनेक्टेड’ दाखवायला लागलं. ब्राउझरमधून मेल उघडायला गेलं की एरर पान. संगणकावर लॉगिन मात्र व्यवस्थित होत होतं, शेअर फोल्डर उघडत होते, प्रिंट निघत होत्या. त्यामुळे ‘डोमेन ठीक आहे, मेल सर्व्हरच आजारी आहे’ असं सगळ्यांनी धरून चाललं. मेल सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, मात्र लाल नोंदींची रांग होती (आकडे हे नोंदींचे क्रमांक): २१०२, वापरातले सगळे डोमेन कंट्रोलर उत्तर देत नाहीत, २१०३, सगळे ग्लोबल कॅटलॉग उत्तर देत नाहीत, २११४, टोपॉलॉजीचा शोध फसला.

मॅडमच्या हाताखालच्या मुलाने जे कुणीही केलं असतं ते केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला. त्यानंतर स्थिती आणखी वाईट झाली. आधी निदान सर्व्हिस चालू तरी होत्या, आता त्या ‘स्टार्टिंग’वरच अडकल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास कुणी काही न करता सगळं आपोआप सुरू झालं. अडलेला मेल हळूहळू आत आला. बाहेरचे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, त्यामुळे हरवलं काही नाही, पण दिवसभराच्या ऑर्डरी संध्याकाळी हातात पडल्या. त्या दिवशीच्या नोंदवहीत मुलाने लिहिलं, ‘रीस्टार्टनंतर पूर्ववत’. दोन्हींमध्ये सहा तासांचं अंतर होतं, पण ते नोंदीत आलं नाही.

दुसरा गुरुवार, आणि माझी चूक

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, जवळजवळ त्याच वेळेला. या वेळी आम्हाला फोन आला. मी दुपारी पोहोचलो आणि आधी वाट मोकळी आहे का ते पाहिलं. मेल सर्व्हरवरून शेजारच्या डोमेन कंट्रोलरला पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी साधी हाक, जात होतं. ३८९, ३२६८, ८८, ५३ हे लागणारे पोर्ट, म्हणजे संपर्काच्या वाटा, उघडे होते. एनएलटेस्ट या कमांडने विचारलं तर कंट्रोलर आणि साइट दोन्ही बरोबर सांगत होता. घड्याळात फरक नव्हता. ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही म्हणून तेही बघितलं.

मग नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये एक खटकणारी गोष्ट सापडली. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) पहिला पत्ता आपल्या कंट्रोलरचा, दुसरा बाहेरच्या एका सार्वजनिक डीएनएसचा. ही चूकच आहे. बाहेरच्या डीएनएसला आपल्या डोमेनची काहीच माहिती नसते, आणि विंडोज कधी त्याच्याकडे वळला तर कंट्रोलर सापडणं बंद होतं. लक्षणं या कारणाला चपखल बसत होती. मी तो पत्ता काढला, त्याजागी भोसरीच्या कंट्रोलरचा टाकला, सर्व्हिस पुन्हा सुरू करायला लावल्या. सुरू झाल्या नाहीत. मी कॅशे साफ केली, पुन्हा प्रयत्न केला, आणि असं करता करता पाच वाजले. मेल सुरू झाला. मी मॅडमना लेखी कळवलं की कारण सापडलं आणि दुरुस्त केलं.

त्याच्या पुढचा गुरुवार शांत गेला. माझी खात्री पटली.

डीएनएसची चूक खरी होती, काढायलाच हवी होती. पण ती या बिघाडाचं कारण नव्हती, आणि दुरुस्ती व मेल सुरू होणं यांमध्ये तीन तास गेले होते याकडे मी तेव्हा काणाडोळा केला. पहिल्या गुरुवारी मुलाने रीस्टार्टला जे श्रेय दिलं होतं, तेच मी डीएनएसला दिलं.

आणखी एक खूण समोर होती. हिशेब विभागातल्या एक काकू महिन्याच्या सुरुवातीपासून सांगत होत्या की ‘टू’मध्ये नाव टाइप केलं की यादी यायला फार वेळ लागतो, मेल जड झालाय. आम्ही ते त्यांच्या जुन्या संगणकावर ढकललं.

चौथा गुरुवार

पावणेअकराला फोन. मॅडमचा आवाज शांत होता, पण वाक्य एकच: “सर, परत.” या वेळी मी एकाही सर्व्हिसला हात न लावता ॲप्लिकेशन लॉगमधली २०८० ही नोंद उघडली. ती धोक्याची नोंद नाही, साधी माहितीची आहे, म्हणून सहसा डोळ्यांखालून निघून जाते. टोपॉलॉजीची सर्व्हिस प्रत्येक तपासणीनंतर तिच्यात प्रत्येक कंट्रोलरची एक ओळ लिहिते. शेजारच्या रॅकमधल्या कंट्रोलरची ओळ अशी होती:

सीडीजी १ ७ ७ १ ० ० १ ७ १

सुरुवातीची अक्षरं त्या कंट्रोलरच्या भूमिका सांगतात. पहिला ७ म्हणजे तो तिन्ही कामांसाठी पोहोचण्याजोगा आहे. १, २ आणि ४ यांची ती बेरीज. आठवा आकडा, लॉगिन हाताळणाऱ्या नेटलॉगऑन सर्व्हिसचा ७, ठीक. खटकला तो सहावा आकडा. तिथे १ हवा, होता ०. तो रकाना ‘एसएसीएल राइट’चा. डिरेक्टरीतल्या वस्तूंच्या सुरक्षा-नोंदीत ऑडिटचा एक भाग असतो, तो वाचायचा अधिकार एक्सचेंजला या कंट्रोलरवर आहे की नाही, हे तो सांगतो. अधिकार नसेल तर एक्सचेंज त्या कंट्रोलरला अपात्र ठरवतो. पोर्ट उघडे असोत, पिंग जात असो, कंट्रोलर दोन फुटांवर असो, त्याने काही फरक पडत नाही. दुसऱ्या गुरुवारी मी वाट तपासत बसलो होतो. वाट मोकळी होती, दार उघडायचा परवाना नव्हता.

भोसरीच्या कंट्रोलरच्या ओळीत पोहोचण्याच्या रकान्यातच ० होता. सकाळी साडेदहाच्या नोंदीत मात्र त्याची ओळ पूर्ण होती, आणि तिथे सहावा आकडा १ होता.

म्हणजे महिनाभर शिवाजीनगरचा मेल शिवाजीनगरच्या कंट्रोलरवर चालतच नव्हता. तो लीज्ड लाईनवरून भोसरीच्या जुन्या मशीनला विचारून चालला होता. काकूंची यादी उशिरा का यायची ते लगेच कळलं.

भोसरीच्या मशीनला रिमोटने जोडून बघितलं, जोडलं जाईना. कारखान्यात फोन लावला. मेन्टेनन्सचे काका फोनवर आले.

“काका, सर्व्हर रूममध्ये जरा बघता का, मशीन चालू आहे का?”

“अहो सर, आज गुरुवार. सुट्टी ना. लाईट सकाळी साडेनऊलाच गेली, दुरुस्तीचं शटडाऊन आहे. पाचपर्यंत येईल म्हणालेत.”

“जनरेटर?”

“सुट्टीच्या दिवशी कशाला लावतात? यूपीएस चालतो तासभर, मग तोही बसतो.”

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं शटडाऊन नवं नाही, आणि भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारचीच. आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नाही, कारण मेल शिवाजीनगरचा आणि लाईट भोसरीची. कामाच्या दिवशी लाईट गेली तर जनरेटर लागायचा, त्यामुळे इतर वारी काही व्हायचं नाही. मधला शांत गुरुवार म्हणजे ज्या आठवड्यात शटडाऊन नव्हतं तो. मॅडमनी कारखान्याची नोंदवही मागवून ताडून पाहिलं, तीनही तारखा जुळल्या.

अधिकार गेला कसा

हा अधिकार ‘मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग’ या नावाने ग्रुप पॉलिसीत, म्हणजे डोमेनमधल्या संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या नियमांत, असतो. एक्सचेंज बसवताना डोमेन तयार करायची जी पायरी असते, ती ‘डिफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसी’मध्ये ‘एक्सचेंज सर्व्हर्स’ या गटाला तो देते. आम्ही ती पॉलिसी उघडली. गट तिथे होता, नोंद जशीच्या तशी.

पण तिच्या वर आणखी एक पॉलिसी जोडलेली होती. महिन्याच्या सुरुवातीला सुरक्षा-तपासणीचा अहवाल आला होता आणि त्यात रास्त शेरा होता: सिक्युरिटी लॉग पाहायचा व पुसायचा अधिकार फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना असावा. त्याप्रमाणे नवी पॉलिसी करून त्या अधिकारात फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहिलं होतं. करणाऱ्याला वाटलं, दोन्ही याद्या एकत्र होतील. वापरकर्ता-अधिकारांच्या बाबतीत तसं होत नाही. ज्या पॉलिसीचा क्रम वर, तिचीच यादी लागू होते, खालची तेवढ्यापुरती रद्द.

मग भोसरीला हा अधिकार शिल्लक कसा राहिला? ही त्या प्रकरणातली दुसरी गाठ. प्रत्येक पॉलिसीचे दोन भाग असतात. एक डिरेक्टरीत, दुसरा सिसव्हॉल नावाच्या फोल्डरमध्ये फायलींच्या रूपात. दोन्ही वेगवेगळ्या रस्त्यांनी दुसऱ्या कंट्रोलरकडे जातात. डिरेक्टरीची देवाणघेवाण चोख होती, ती तपासणारा रेपॲडमिन एकही चूक दाखवत नव्हता. सिसव्हॉलची मात्र जुलैपासून थांबलेली होती. पावसात एका रात्री भोसरीचं मशीन अचानक बंद पडलं होतं, आणि त्यानंतर फायलींची नक्कल करणारी सर्व्हिस २२१३ ही सूचना लिहून हाताने परवानगी मिळण्याची वाट पाहत बसली होती. विंडोज सर्व्हर २०१२ अशा धक्क्यानंतर आपण होऊन नक्कल सुरू करत नाही. त्यामुळे नव्या पॉलिसीच्या फायली भोसरीला पोहोचल्याच नाहीत. तिथे पॉलिसीची फाइल वाचता येत नाही असं सांगणारी १०५८ ही चूक सतत येत होती, आणि जुना अधिकार टिकून होता.

एका बिघाडाने दुसऱ्याला सावरून धरलं होतं.

पर्याय

त्या दुपारी साडेबाराला आमच्यासमोर काय काय होतं, ते इथे सविस्तर लिहितो. अशा वेळी घाईत उचललेला पर्याय पुढे वर्षानुवर्षं राहतो.

भोसरीला जनरेटर लावून मशीन चालू करणं. अर्ध्या तासात मेल सुरू झाला असता. कारण तसंच राहिलं असतं, पण वेळ हाताशी नसती तर मी हेच केलं असतं.

एक्सचेंजला शेजारचाच कंट्रोलर ठरवून देणं. ही सूचना माझ्या सहकाऱ्याची. कंट्रोलर ठरवून दिला तरी अधिकार येत नाही, शिवाय त्यासाठी लागणारा एक्सचेंजचा शेल (कमांड लिहायची खिडकी) त्या क्षणी उघडतच नव्हता.

मेल सर्व्हरचं खातं डोमेन ॲडमिन्समध्ये, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्या गटात, टाकणं. याने मेल सुरू होतो, आणि म्हणूनच हा उपाय बऱ्याच ठिकाणी केलेला मी पाहिला आहे. मी त्याला ठाम नकार दिला. मेल सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करून उभा असतो. उद्या कुणी त्यात शिरलं तर त्याच्या हातात अख्ख्या डोमेनच्या किल्ल्या जातात.

डोमेन तयार करायची पायरी पुन्हा चालवणं. या चुकीवर ठरलेलं उत्तर म्हणून हेच सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. इथे उपयोग शून्य होता. ती पायरी डिफॉल्ट पॉलिसीत लिहिते, तिथे गट आधीच होता, आणि निकाल वरच्या पॉलिसीचा लागत होता.

नवी पॉलिसी पूर्ण काढून टाकणं. मग तपासणीत सुचवलेल्या बाकीच्या चांगल्या गोष्टीही गेल्या असत्या.

राहिला शेवटचा: नव्या पॉलिसीच्या त्या एका ओळीत ‘एक्सचेंज सर्व्हर्स’ गट जोडणं. यात सिक्युरिटी लॉग पुसायचा अधिकार पुन्हा मेल सर्व्हरकडे जातो, म्हणजे अहवालातला शेरा अंशतः मोडतो. हा निर्णय माझा नव्हता. मॅडम मीटिंगमध्ये होत्या, त्यांना बाहेर बोलावून दोन मिनिटांत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “कुणी लॉग पुसला तर आपल्याला कळेल का?” कळतं. लॉग पुसला की ११०२ ही नोंद आपोआप पडते, तिच्यावर सूचना लावता येते. त्यांनी होकार दिला आणि स्वतःच्या हाताने नोंदवहीत कारण लिहिलं.

केलेली कामं

शिवाजीनगरच्या कंट्रोलरवर पॉलिसी दुरुस्त केली, पॉलिसी लगेच लागू करणारी जीपीअपडेट कमांड चालवली, आणि प्रत्यक्षात अधिकार लागू झाला का ते त्या कंट्रोलरच्या स्थानिक सुरक्षा-सेटिंगमध्ये डोळ्यांनी पाहिलं. मग मेल सर्व्हरवर टोपॉलॉजीची सर्व्हिस पुन्हा सुरू केली. तिच्यावर बाकीच्या सर्व्हिस अवलंबून असतात, त्यामुळे सगळ्याच उठायला वेळ लागला. पुढच्या २०८० मध्ये सहाव्या जागी १ आला. दुपारी दोन पंचवीसला आउटलुक जोडलं गेलं.

भोसरीत तेव्हा लाईट नव्हती. मागच्या दोन्ही वेळी मेल परत आला तेव्हा भोसरीची लाईटही आलेली होती. या वेळी कंट्रोलर बंद असताना तो सुरू झाला, म्हणून हे कारण मी खरं मानलं.

दुरुस्तीचा क्रम

शुक्रवारी भोसरीचं सिसव्हॉल हाती घेतलं. तिथे उभं असताना मुलगा म्हणाला, “दादा, ही २२१३ मी गेल्या सोमवारीच पाहिली होती. कमांड त्यातच दिलेली आहे. चालवणार होतो, पण डिस्पॅचचं काम आलं आणि राहून गेलं.”

त्याने सोमवारी ती कमांड चालवली असती तर नव्या पॉलिसीच्या फायली थोड्याच वेळात भोसरीला पोहोचल्या असत्या, तिथलाही अधिकार गेला असता, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन्हीकडचा मेल एकदम बंद पडला असता. भोसरीची लाईट आल्यावरही तो परतला नसता. आणि आम्ही सगळ्यांनी त्या बिचाऱ्या मुलाने चालवलेल्या कमांडला दोष दिला असता, जी मुळात बरोबर होती.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी पॉलिसी दुरुस्त असल्याची दोनदा खात्री. मग सिसव्हॉलची बाजूला प्रत, जी घ्यायला ती नोंद स्वतःच सांगते. मग नक्कल पुन्हा सुरू. २२१४ आली, म्हणजे सर्व्हिस धक्क्यातून सावरली. १०५८ थांबली. दोन्हीकडच्या पॉलिसी जुळल्या आणि २०८० मधल्या दोन्ही ओळींत सहावा आकडा १ राहिला. थांबलेल्याला सात आठवडे झाले होते. साठ दिवस ओलांडले असते तर सर्व्हिसने जुनी प्रत मानून नक्कल नाकारली असती आणि ४०१२ ही चूक येऊन आम्हाला वेगळीच लांबलचक दुरुस्ती करावी लागली असती.

निकाल

पुढचं शटडाऊन दोन आठवड्यांनी आलं. काकांनी आपणहून फोन केला, “सर, लाईट गेली बरं का.” मेल दिवसभर चालला. काकूंची यादीही नाव टाइप करताच यायला लागली, त्यांची आम्ही माफी मागितली. भोसरीच्या यूपीएसची बॅटरी बदलली आणि चार्ज संपत आला की मशीन नीट बंद होईल अशी जोडणी केली. शिवाजीनगरला दुसरा डोमेन कंट्रोलर उभा केला. २०८० मध्ये कुठल्याही कंट्रोलरचा सहावा आकडा ० झाला तर मॅडमना आणि मला संदेश येतो, ११०२ ला पण येतो.

आज करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी, रीस्टार्टच्या आधी, २०८० वाचेन, आणि ती आजची एकच न वाचता बिघाडाच्या आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून. आजच्या नोंदीत दोन्ही कंट्रोलर निकामी दिसले असते. कुणाच्या आधारावर इतके दिवस चाललं होतं, ते आदल्या नोंदीने सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी मी ‘दुरुस्त केलं’ असं लिहिलं, तिथे ‘एक चूक काढली, हेच कारण होतं हे सिद्ध झालेलं नाही’ असं लिहायला हवं होतं. मॅडमनी माझ्या शब्दावर विसंबून पुढची चौकशी थांबवली होती.

पॉलिसीच्या दुरुस्तीबद्दल माझं मत आता बदललं आहे. त्या दुपारी वरच्या पॉलिसीत गट जोडला, तो घाईत योग्य होता. पण आता तीच यादी दोन ठिकाणी झाली. पुढे कधी एक्सचेंजची नवी आवृत्ती आली आणि तिने डिफॉल्ट पॉलिसीत काही बदललं, तर वरची पॉलिसी पुन्हा ते झाकणार. ती ओळ वरच्या पॉलिसीत ‘नॉट डिफाइन्ड’ (ठरवलेलं नाही) करून अधिकार डिफॉल्टमध्येच ठेवणं जास्त नीट. मॅडमना तसं लिहून दिलं आहे, तपासणी करणाऱ्यांचं उत्तर यायचं आहे.